उभं पीक

यंग्जटाउन, ओहायो. रात्रीचे साडेनऊ.
लाँड्रोमॅटमधला सहा नंबरचा ड्रायर
कुणाची तरी विसरलेली नाणी खुळखुळवतोय.
मार्लिन हुडाक कार्डं पिसते, पत्त्यांसारखी.
परीक्षा शनिवारी.

एकर म्हणजे त्रेचाळीस हजार पाचशे साठ चौरस फूट.
हे आता झोपेतही येतं.
वहिवाट म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून
चालत जायचा हक्क.
मालकी म्हणजे एक काठी नव्हे, मोळी:
विका, वापरा, गहाण टाका,
कुणाला आत येऊ देऊ नका.
"आणि हातात एकच काठी असेल तर?"
टॉवेलांच्या घड्या घालता घालता डेल्फीन विचारते.
"मग तू भाडेकरू. पुढचं विचार."

"झाड कुणाचं?"
"जमिनीचं."
"टोमॅटो, मिरच्या?"
"ज्यानं लावल्या त्याच्या."
"घर सोडायला लावलं तरी?"
"तरी. तोडणीपुरतं परत येता येतं."

उत्तर बरोबर. मार्लिन गप्प.

त्या ऑगस्टात मागच्या अंगणात
लांब पिवळ्या मिरच्यांच्या चार ओळी होत्या.
घरमालकानं घर विकलं,
नव्यानं फाटकाचं कुलूप बदललं,
आणि ती संध्याकाळी कुंपणापलीकडे गाडी लावून
दिवे बंद करून
बघत बसायची. चोरासारखी.
मिरच्या लाल होत गेल्या, मग सुरकुतल्या.

पान दोनशे बारा. खालून तिसरी ओळ.

ड्रायर थांबतो.
"पुढचं?" डेल्फीन हात पुढे करते.
मार्लिन ते कार्ड गठ्ठ्यात परत घालत नाही,
कोटाच्या खिशात सारते.
"हे पुन्हा विचारू नकोस," ती म्हणते,
"येतं मला."