दुसरं टोक

वैशाखात सावद्याच्या बाजारचौकात
ट्यूबमध्ये हवा भरावी लागत नाही,
ती आपोआप फुगते आणि फुटते.
अशा दिवसांत आली ती, प्रणिता झांबरे,
मूळची फैजपूरची, चित्रकला शिकायला बडोद्याला गेलेली,
आणि माझ्या पंक्चरच्या दुकानासमोर
टेम्पोभर सोपट ओतलं तिने :
घड कापल्यावर बांधावर फेकलेल्या खांबांचं,
जे गाय हुंगते
आणि पुढे जाते.

म्हणाली, चौकावर सावली विणायची आहे.
गावानेच.
ज्याने त्याने आपल्या उंचीएवढी दोरी वळायची.

जरीना तडवी हसली,
"ह्याच्यानं पोट भरीन का व माय?"
आणि वांग्यांची पाटी खाली ठेवून
सगळ्यांत आधी तीच बसली.

दोरी एकट्याला वळता येत नाही.
लहानपणापासून ठाऊक होतं मला,
लक्षात आलं नव्हतं.
एकाने पीळ द्यायचा,
दुसऱ्याने टोक धरून उभं राहायचं.
नुसतं.
पोरगा पुण्याला गेल्यापासून
दिवसाही दार लावून निजणारी नलू फिरके
बाहेर आली, सतरा जणांची टोकं धरून उभी राहिली,
स्वतः एक पीळ दिला नाही.
प्रणिता तिला काही म्हणाली नाही,
फक्त पाण्याचा तांब्या तिच्याजवळ सरकवला.

तिसऱ्या दिवशी शाळेतलं एक कार्टं
अर्धी वळलेली दोरी माझ्या हातात कोंबून
कुल्फीच्या घंटेमागे पळालं.
मी वर पाहिलं.
दुसऱ्या टोकाला सरोदे घड्याळजी.

समोरासमोर दुकानं, अकरा वर्षं अबोला.
कारण सांगायची लाज वाटते :
हवा भरायचा पंप.
मी म्हणतो, नेला.
तो म्हणतो, आणून दिला.

सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथे सुंभ अजून ओलं होतं
आणि पीळ दोन्हीकडून चढत होता.
कोणी आधी सोडायचं?
दोरी कुरकुरली,
मध्येच वेटोळं घालून गाठ मारून बसली.
आता कोणीतरी बोलणं भागच होतं.

"ढील दे," तो म्हणाला.

मी दिली.

एवढंच. गळाभेट वगैरे काही नाही.

आता रेशन दुकानाच्या गजापासून
समोरच्या निंबापर्यंत
चारशे बारा उंच्या आडव्या झाल्यात हवेत.
कुठली कोणाची, पाटी नाही.
बाईने स्वतःचंही नाव लावलं नाही.
पारा काही उतरला नाही, शेहेचाळीसच आहे,
पण ऊन चाळून पडतं खाली, कोंडा काढल्यासारखं,
आणि माणसं काम नसताना थांबतात.

आमची दोरी मी ओळखतो,
तिच्या पोटात गाठ आहे.
दुपारी साडेतीनला त्या गाठीची सावली
सरोदेच्या उंबऱ्यावर चढते.
तो घड्याळं तिच्यावरून लावतो म्हणे,
जरीना सांगत होती.

पंप अजून त्याच्याकडेच आहे.