आमची कोठेही शाखा नाही

पाटी बाबांनी रंगवून घेतली, एक्याऐंशी साली.
पिवळ्यावर लाल अक्षरं.
त्यात माज होता, आणि थोडं खरंही:
दुसरी भट्टी घ्यायला पैसे कुठे होते.

आता फोनमध्ये माझ्या चार शाखा आहेत.
एक पराठ्यांची, एक बिर्याणीची,
एकीचं नाव इंग्रजी, तिथे आमचीच मुगाची उसळ
वाडग्यातून जाते, ऐंशी रुपये जास्त.
चौघींची शेगडी एक. यल्लप्पाही एकच.
ऑर्डर वाजली की आतून विचारतो,
मालक, आत्ता आपण कोण?

टॅब गल्ल्यापाशी, तसबिरीखाली.
उदबत्तीची राख पडते काचेवर.
ती पुसताना एकदा चुकून ऑर्डर नाकारली गेली
तर दोन दिवस आम्ही यादीत खाली, खाली,
कात्रजच्याही पलीकडे.

शंभरातले सत्तावीस त्यांचे.
सवलत त्यांनी जाहीर करायची, मी सोसायची.
उरलेल्यात गॅस, डबे, आणि सदानंद.

सदानंदला टेबलं पाठ होती.
चारला कांदा नको, सातला पाव कडक,
खिडकीपाशी परीक्षेवाला मुलगा,
त्याला न मागता दुसरी वाटी.
आता त्याच टेबलांवर तो पिशव्यांना पिना मारतो.
आठवड्यात पिनांचा डबा संपतो,
एवढंच त्याच्याकडे सांगण्यासारखं.

रविवारी सव्वानऊला एक मिसळ आली. खाली सूचना:
"तर्री वेगळी. लिंबाच्या दोन फोडी. शेव वर घालू नये."
त्या "नये"वरूनच ओळखलं. परचुरे सर.
समोरची बिल्डिंग, दुसरा मजला.
इथून त्यांची गॅलरी दिसते, वाळत घातलेला पंचासुद्धा.
तीस वर्षं या बाकावर बसून
त्यांनी आमच्या फळ्याचं शुद्धलेखन सुधारलं.

पोऱ्या नवा होता, शिक्रापूरकडचा.
मी बोटानं गॅलरी दाखवली.
तो नकाशात बघत एकेरी रस्त्यानं
नवी पेठ वळसा घालून गेला.
जाण्याआधी पिशवीत मी तिसरी फोड टाकली होती.

अर्ध्या तासानं चांदण्या उगवल्या. तीनच.
खाली, ऱ्हस्व-दीर्घ अचूक:
"चव पूर्वीसारखी राहिली नाही."

उत्तराला एक रकाना असतो.
लिहिलं, सर, बाक पुसून ठेवलाय.
मग खोडलं. वर पाहिलं,
पंचा आत गेला होता.

तेवढ्यात टॅब वाजला.
यल्लप्पा आतून ओरडला, कोण?
बिर्याणी, म्हटलं.