एक्केचाळिसावी ओळ

माझे हात भट्टीचे.
मेणाचा दोरा नुसता उचलला तरी चपटा होतो,
दुसऱ्या टाक्यापर्यंत सुईला चिकटून बसतो.
तीन हिवाळे असेच गेले, हाप्सालूत,
बंद पडलेल्या मासळीच्या गोदामात.

मग कुणीतरी सांगितलं, हेल्यूला विचार.
ती स्टेशनात तिकिटं द्यायची, गाड्या होत्या तेव्हा.
तिच्या हातून सुटे पैसे घेताना लोक दचकायचे,
इतकी गार बोटं.
नवरा लग्नात हातमोजे घालून नाचला तिच्याशी;
हे ती स्वतःच सांगते, आणि हसत नाही.

शाल विणायला ती सातव्या वर्षी शिकली.
लोकर अशी की श्वासानं हलावी,
नक्षी रानातल्या पांढऱ्या घंटाफुलांची,
एकेका फुलाला एकाच टाक्यातून सात वळसे काढून बांधलेली गाठ,
तिला इथे नुप्प म्हणतात, म्हणजे बटण.
आणि शाल पुरी झाली की परीक्षा एकच:
बोटातली अंगठी काढायची,
अख्खी शाल तिच्यातून ओढून घ्यायची.
अडली, तर उसवायची.

"उसवता येतं म्हणून तर विणते," हेल्यू म्हणाली,
"तुझी काच उसवता येते का?"
मी म्हटलं, फुटते ती.
"म्हणजे नाहीच."
आणि सुया घेऊन खिडकीपाशी बसली,
खिडकी उघडी टाकून, फेब्रुवारीत.

तिच्या बोटांत मेण शहाण्यासारखं वागलं.
सुलटा, उलटा, दोन एकत्र, एक हवेत.
डोळ्यांत मोतीबिंदू, पण टाके ती पाहत नव्हतीच,
मोजत होती, ओठ न हलवता,
जसा दिवसाअखेरी गल्ला मोजायची.
बाहेर खाडी गोठलेली,
बर्फावर कुणाचा तरी कुत्रा
आपल्याच सावलीवर भुंकत होता.
मी साच्यासाठी प्लास्टर कालवत होते,
काचेचे खडे चाळत होते, हिरवट,
जुन्या खिडक्यांचे.
दुपारी तिनं एकदाच विचारलं,
"हे सगळं वितळून जाणार ना? माझं विणलेलं?"
मी म्हटलं, हो. जागा तेवढी राहील.
एक टाका निसटला.

तिला कळलं ते दोन ओळींनंतर.
मागे जायचं म्हणाली.
पण मेण उसवत नाही. ओढलं की मोडतं,
आणि मोडलेल्याला टोक सापडत नाही.
ती माझ्याकडे पाहत राहिली,
जणू मीच फसवलं होतं तिला.
कशाबशा उरलेल्या ओळी संपवून
चहा न घेता गेली.

वाफेनं मेण गळून गेलं.
साच्यात उरली धागा नसलेली वीण.
खडे ओतले. भट्टी आठशे तीसवर.
मग उतरण: अंशाअंशानं, अकरा दिवस.
घाई केली तर काच आतल्या आत रुसते
आणि महिन्यांनी, कुणी हातही न लावता, तडकते.
माझे वडील असेच गेले; ते पुन्हा कधीतरी.

बाराव्या दिवशी हेल्यू न बोलावता आली.
मी दात घासायच्या ब्रशनं प्लास्टर उकरत होते.
उशीएवढी, हिरवट पाण्याची शाल,
फुलं, गाठी, कडेचे दाते, सगळं जिथल्या तिथे.
तिनं बोट फिरवलं, ओळीओळीनं,
आणि थांबली. "एक्केचाळीस."
तिथून चुकीची शिडी खाली उतरली होती,
बोट जाईल एवढं भोक.
"हे आता कायमचं," ती म्हणाली.
मी गप्प.

मग तिनं अंगठी काढायला घेतली.
सांधे सुजलेले; थुंकी लावली, पिळली, एक शिवी दिली.
मला म्हणाली, "उचलून धर."
मी दोन्ही हातांनी शाल उचलली, आडवी.
तिनं अंगठी त्या भोकावर नेली
आणि सोडली.
खालच्या फळीवर टणकन वाजून
ती घरंगळत गेली, भुकटीत आडवी झाली.

"गेली," हेल्यू म्हणाली, तिकीट फाडून दिल्यासारखं.
"आता खिडकी लाव. गारठलेय मी."