दोनशे बारा

क्लाक्सविकच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
एल्स्पा यांच्या घोट्याला मी बांधलं
काडेपेटीएवढं एक यंत्र.
ते पावलं मोजतं. बाकी काही नाही.
"बांध," म्हणाल्या, "मेंढीच्या कानाला खूण करतात तसं.
हरवणार कुठे मी?"

वय चौऱ्याऐंशी. न्यूमोनिया ओसरलेला.
एकेचाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात
उभ्या उभ्या कॉडची कातडी सोललेली.
आता त्यांनी अंथरूण धरलं होतं
की अंथरुणाने त्यांना,
सांगणं अवघड होतं.

रोज दहाला मी वॉकर घेऊन दारात,
आणि रोज एक नवं कारण.
आज वारा फार आहे.
(खिडकी बंद. आम्ही आत.)
आज मुलगा येणार आहे, बोगदा उघडला तर.
आज नको, या गाऊनची पाठ उघडी आहे
आणि बाहेर आमच्या गावचा पाद्री हिंडतोय.

हे शेवटचं मला पटलं. मी दुसरा गाऊन आणून दिला,
पुढून एक, मागून एक, झाकलं जाईल सगळं.
तो त्यांनी घडी करून उशीखाली ठेवला.
"पोरा, उभं राहायचं तेवढं राहून झालंय माझं.
आता तुम्ही राहा."

मग मी ते ऐकवलं, जे आम्हा सगळ्यांना पाठ आहे:
पडून राहिलं की मांडी झिजते,
साबणाच्या वडीसारखी, आवाज न करता;
घरासमोर सात पायऱ्या आहेत, त्या कोण चढणार?
त्या विणत राहिल्या, राखाडी लोकरीचा एकच मोजा.
बोटांची पायपीट हे यंत्र मोजत नाही.

मंगळवार: अकरा.
बुधवार: नऊ.
खाट ते कमोड, कमोड ते खाट.

गुरुवारी सकाळी यंत्र संगणकाला जोडलं
तर त्या सपाट रेघेवर
पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
एक डोंगर उभा.
दोनशे बारा.

यंत्र बिघडलं म्हणून मी ते आपटून पाहिलं.
रातपाळीच्या मारीनने खांदे उडवले.
बेल वाजली नव्हती.
एल्स्पा भिंतीकडे तोंड करून घोरत होत्या, जरा जास्तच मोठ्याने.

सांगितलं ते खिडकीजवळच्या खाटेवरच्या तोरा यांनी,
ज्यांना दिसत नाही,
ज्या रात्री उठून दार शोधतात, होडी सुटेल म्हणून.
"एक बाई येते. माझा हात काखेत घेते,
पार टोकापर्यंत नेते आणि म्हणते,
होडी आज नाही गं, उद्या.
मग परत आणून निजवते.
हात थंडगार. मिठाचा वास.
आणि तिच्या मनगटावर
एकीवर एक दोन बाह्या असतात."

नियमाप्रमाणे मी लिहायला हवं होतं:
दोन्ही रुग्णांना पडण्याचा धोका, रात्री लक्ष ठेवावे.
पेन हातात धरून बराच वेळ बसलो.
मग फक्त आकडा लिहिला.

आणि शुक्रवारी तोरा यांची खाट हलवून घेतली,
चार दारं पलीकडे.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: तिथे उजेड चांगला येतो.
आंधळ्या बाईला उजेड. कुणी विचारलं नाही.
ती रात्र मी घरी गेलो नाही.
कपडे बदलायच्या खोलीत, दार बोटभर उघडं ठेवून,
स्टुलावर बसून राहिलो,
कुणी पडल्याचा आवाज येतो का ऐकत.
वाऱ्याशिवाय आवाज आला तो
चपलांचा, फरफटत, थांबत,
पुन्हा फरफटत.

सहाशे चाळीस.

दहा वाजता मी वॉकर घेऊन दारात.
एल्स्पा यांनी माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ,
जसं तराजूवरच्या माशाकडे पाहतात.
"आज नको," म्हणाल्या,
"आज पाय दुखतायत."

सगळ्या कारणांमधलं हे पहिलंच खरं.
मी वॉकर मागे फिरवला.