एक ज्येष्ठ, एक पूर्ण

खिडकीतल्या पोराने आमची दोन्ही आधार कार्डं उताणी केली,
एक बोटाखाली दाबलं, दुसरं परत सरकवलं.
"एक ज्येष्ठ, एक पूर्ण," म्हणाला.

पूर्ण म्हणजे शरयू.
माझ्याहून सात महिन्यांनी मोठी.
उरणला एकाच विहिरीवर पाणी भरायच्या आमच्या आया,
दोघी अवघडलेल्या,
आणि तिची आई आधी यायची थांबली,
इतका भक्कम पुरावा.
खिडकीला चालत नाही.

पहिलीच्या पटावर नाव घालताना
चुरी गुरुजींनी विचारलं, "जन्म?"
तिची आई म्हणाली, "भात झोडायचं चाललं होतं."
गुरुजींनी शाळेच्या कौलांकडे पाहिलं
आणि एक जून लिहिला.
पोरगी किरकोळ दिसते म्हणून वर दोन वर्षं काढून घेतली,
वाण्याने तराजूतली चिमूटभर साखर काढावी तशी.

त्या साखरेवर ती मजेत जगली.
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझ्या निरोपाच्या दिवशी
हार तिनेच आणला, रडलीही तीच,
आणि पुढची दोन वर्षं पगार घेत राहिली.
बोनसची साडी नेसून दिवाळीला मुद्दाम माझ्याकडे.
मी काही बोलले नाही.
आज बोलले:
"भर आता. गुरुजींचं व्याज."

तिने भरलं. पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून, हळूहळू.
पोराने मनगटाला कागदी पट्ट्या लावल्या,
मला हिरवी, तिला पिवळी.
आत बाहेरचे पदार्थ नेऊ देत नाहीत,
करंज्या माझ्या गुडघ्याच्या पट्ट्याच्या पिशवीत होत्या.
औषध म्हणून सुटल्या.

आरशांचं घर झालं. त्यात आम्ही जाड, मग बारीक,
मग पुन्हा आहोत तशा, म्हणजे जाडच.
झुकझुक गाडीत बसलो,
समोरचं पोर शरयूच्या पदराला आइस्क्रीम पुसत होतं.
मग गरुड.

गरुड म्हणजे तो पाळणा, जो आधी खाडीवर नेतो
आणि मग तिथे नेऊन उलटा करतो.
फाटकावर पाटी:
गर्भवती, हृदयविकार, पाठीचे विकार, ज्येष्ठ नागरिक.
यांना नाही.
"हिरवी पट्टी तिकडे बसा, आजी. पंखा आहे."

सवलत कशाची ते तेव्हा कळलं.
निम्मे पैसे, निम्मी बाग.

शरयूने मला पर्स दिली. चष्मा दिला.
चपला दिल्या. तोंड फिरवून
रुमालात गुंडाळून वरची कवळी दिली.
मी पंख्याखाली तिला मांडीवर घेऊन बसले
आणि उरलेली शरयू वर गेली.

तीस वर्षं "या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत"
असं तलम आवाजात सांगणारा गळा,
तो खाडीवरून असा काही ओरडला
की माझ्या शेजारचा हिरवा म्हातारा उभा राहिला.
"तुमच्या कोण?"
"माझ्याहून मोठी आहे," मी म्हणाले.
त्याला ते उत्तर वाटलं नाही.

खाली आली तेव्हा अंबाडा मानेवर,
आणि फरशीवर अशी चालत होती, जणू होडीत आहे.
काहीतरी सांगत होती. दातांशिवाय फक्त फू फू कळलं.
करंजी नको म्हणाली. पाणी नको.
पिवळी पट्टी ओढायला लागली, ती फाटली,
तर कपाळावरची टिकली काढली
आणि फाटकी पट्टी माझ्या मनगटावर टिकलीने चिकटवली.
माझी हिरवी आधीच करंजीच्या डब्यात गेली होती,
कशी ते मला विचारू नका.

रांगेत माझ्यापुढे कुठल्याशा शाळेची सहल,
मागेही तीच.
फाटकावरच्या पोराने पट्टी पाहिली,
टिकली पाहिली,
मग मला.
"जन्मतारीख?"

भाताच्या झोडणीनंतरची मी, आईच्या पक्की लक्षात होती,
तारीख, वार, भरतीची वेळसुद्धा.
मी वर पाहिलं. कौलं नव्हती,
गरुडाचं लोखंडी पोट होतं, खालून गंजलेलं.

"एक जून," म्हणाले.