बिल्ला नंबर ४१७२

पावणेसहाला बाबा उठतात.
भोंगा आता त्यांच्या एकट्याच्याच कानात वाजतो.
खाकी पँटच्या उजव्या पायाला सायकलची क्लिप.
सायकल भंगारात गेली त्याला बारा वर्षं झाली,
क्लिप मात्र सापडते रोज,
चष्मा सापडत नाही.

"कमल, डबा."
कमल म्हणजे माझी आई.
मी डबा देते.

पहिल्या वर्षी मी खरं सांगायचे.
बाबा, फॅक्टरी सुटली तुमची. पेन्शन येतं तुम्हाला.
आई नाही आता. मी सरोज.
ते खुर्चीत बसायचे,
हातातला डबा मांडीवर घेऊन,
नुकतीच बातमी कळलेल्या माणसासारखे.
दुसऱ्या दिवशी पुन्हा पावणेसहा.
असं वर्षभर रोज सकाळी
मी माझ्या बापाला नव्याने निवृत्त केलं,
आणि चहा व्हायच्या आत विधुरही.

मग मार्चमध्ये ते निसटले.
बोपोडीच्या सिग्नलला सापडले,
ट्रॅफिक हवालदाराला गेट नंबर विचारत.
पायात एकच चप्पल.
त्या रात्रीपासून दाराला कुलूप,
किल्ली माझ्या उशीखाली.
वाकडहून भाऊ फोनवर म्हणाला, "बरं केलंस."
त्याला झोप लागली असेल.

गुरुवारी औंधात, एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत,
आठ-दहा जण गोल बसतात.
एकाची बायको त्यालाच विचारते, "माझे मिस्टर कधी येणार?"
तो म्हणतो, "निघालेत, रस्त्यात आहेत."
हसलो आम्ही सगळे. तोही.
मला वाटलं होतं, बाबांबद्दल विचारतील.
कुंदाताई पाटसकरांनी विचारलं,
"तू शेवटची सलग कधी झोपलीस?"
आणि मला उत्तर आठवेना.
मलाच.
कुणी पाठीवर हात ठेवला नाही, बरं झालं.
खारी बिस्किटांची बशी पुढे सरकली.
निघताना त्या म्हणाल्या,
"कुलूप राहू दे रात्रीपुरतं.
पण सकाळी त्या दारात कुणी ओळखीचं उभं कर."

आमच्या गेटवर वाघचौरे असतात.
नाइट संपवून घरी जायच्या घाईत असलेला माणूस.
मी अडखळत सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही.
"खळदकरसाहेब ना? पाठवा."

आता सहा दहाला बाबा गेटवर जातात,
खिशातून पितळी बिल्ला काढतात.
वाघचौरे तो उजेडात धरून बघतात, घाई न करता,
आणि सोसायटीच्या रजिस्टरात,
दूधवाला आणि पेपरवाल्याच्या खाली लिहितात:
४१७२. पहिली शिफ्ट. हजर.
मग दोघं बिल्डिंगला तीन राउंड मारतात.
पाण्याच्या टाकीपाशी बाबा थांबतात,
मीटरच्या बॉक्सवर बोट ठेवून काहीतरी नापास करतात.
"आज हाफ डे आहे साहेब," वाघचौरे म्हणतात.
सात वाजता बाबा घरी.
थकलेले. खूश.
कामावरून आलेला माणूस असतो तसे.

त्या पन्नास मिनिटांत
मी गॅलरीत बसून चहा पिते. गरम.
कधी काहीच करत नाही.
सुरुवातीला याचीही लाज वाटायची.

सगळं बरं चाललंय असं नाही.
परवा त्यांनी डबा फेकला.
काल रात्री तीनला संडासाचं दार सापडेना,
मी लादी पुसली, ते भिंतीकडे तोंड करून उभे होते,
मी रागावले, आणि मग तेही पुसता येईना.

आज सकाळी क्लिप लावून देताना
त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.
कमल म्हणाले नाहीत. सरोजही नाही.
"बाई, तुमची शिफ्ट कुठली?"
मी म्हटलं, "तिन्ही."
ते गंभीर झाले.
दाराकडे बघून, आवाज खाली आणून,
युनियनच्या जुन्या माणसासारखे म्हणाले,
"मग ओव्हरटाइम मांडा.
सोडू नका यांना.
आणि रविवारची सुट्टी घ्यायचीच.
मी बोलतो तुमच्या साहेबांशी."