मचूळ

सातपूरहून निघालो तेव्हा मागच्या सीटवर
नवा मेम्ब्रेन, चाळीस इंची,
झोपल्या लेकराला लावावा तसा पट्टा लावून.
निफाडच्या पुढे, कालव्याच्या शेपटाला
रानात पांढरं फुटलेलं दिसतं, ते मीठच.
पिढीभर पाटाचं पाणी प्यायली माती,
आता ओकते.

वाल्मीकनं शटर वर केलं.
"दाब चढलाय, धार उतरलीय,"
डॉक्टरला सांगावं तसं सांगितलं.
विहिरीचं पाणी मीटरवर दोन हजार सहाशे.
जिभेवर, मचूळ.

जुना मेम्ब्रेन ओढून काढला तर दुप्पट जड.
हॅक्सॉनं चिरला, ओट्यावर उलगडला
कापडाच्या ठाणासारखा,
घडीघडीत चुन्याची खरखर.
गावाच्या पोटात जायचं ते इथं अडलेलं.

पाण्याचा मूळ स्वभाव उलटा, मी म्हटलं.
पडद्याच्या एका अंगाला गोडं ठेव, दुसऱ्या अंगाला खारं,
आणि काही करू नकोस.
गोडं आपणहून खाऱ्याकडे जाईल,
रात्रभर पाझरत, कुणी न बोलावता.
आपण पंप लावून म्हणतो, माघारी फिर.
दहा किलोच्या दाबानं.
"म्हणजे नांदायला धाडल्यागत," वाल्मीक म्हणाला.
मी नट आवळत राहिलो.

दुपारी मशीन चालू. मीटर एकाहत्तर.
पहिला कॅन मथाबाई गांगुर्ड्यांचा.
मागल्या हप्त्यात त्यांनी कुकरच आणून दाखवला होता:
सात शिट्ट्या, आणि तुरीचा दाणा दाताखाली तसाच.
ओंजळीनं प्यायल्या. थांबल्या.
"डाळ शिजंल यात.
पर याला गावाची चवच न्हाई.
घरी नेऊन वाटीभर आडातलं टाकीन."
मी हसलो नाही.
कंपनीच्या पुस्तकातही तेच लिहिलंय,
जरा लांबलचक वाक्यात.

मागच्या भिंतीतून एक पाइप निघतो.
उद्घाटनाच्या फोटोत तो आलेला नाही.
हंडाभर गोड्यामागं हंडाभर खारट,
विहिरीपेक्षा दुप्पट,
बाभळीखालून, नालीतून, उतारानं
त्याच विहिरीकडे निघालेलं.
त्याला पंप लागत नाही.

"ठाऊक आहे," वाल्मीक म्हणाला, मी विचारायच्या आधीच.
"ग्रामसभेत दोनदा मांडलं."
मग बिलावर सही केली,
हात ओलाच होता,
आडनाव फुटलं, पसरलं,
रकमेपर्यंत गेलं.